नेमलेली पुस्तकं सोडून

"एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना," असं म्हणणाऱ्या माणसांची मी धास्तीच घेतली आहे. लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, विश्रामबागेतल्या भाजीवाल्यापुढे वांगी निवडताना, कुठंही. ही बाई वाचते एवढं कळायचा अवकाश, की झालं. आणि मी इतकी भाबडी, की घरी येऊन खरंच विचार करायची. या माणसाला काय आवडेल, याला किती जाड पुस्तक झेपेल, हा आत्ता कुठल्या दुःखात आहे. चार नावं लिहून पाठवायची. उत्तरात एक अंगठा यायचा. आठ महिन्यांनी तोच माणूस पुन्हा भेटला की तोंड भरून हसायचा आणि म्हणायचा, "एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना!" अहो, मग त्या चारांचं काय केलंत? लोणचं घातलं?

बरं, उलट विचारावं, "तुम्हीच सुचवा की एखादं," तर त्याहून वाईट. माणूस जरा वर बघतो, घसा साफ करतो आणि शाळेत नेमलेल्या पुस्तकाचं नाव घेतो. तीच ती पाच नावं. पन्नाशीचा बँकेतला साहेब, पोरांना परदेशी पाठवलेला, आणि याचं शेवटचं वाचन कुठलं, तर दहावीचं. तेही बेंचावर रांगेनं बसवून, एकेकाला उभं करून वाचून घेतलेलं. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता वाचनकट्टा भरतो. मीच सुरू केला. अकरा बायका, दोन निवृत्त पुरुष, सतरंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि शेवटी चहा. रीत अशी, की दर महिन्याला एकानं पंधरा मिनिटं एका पुस्तकाची शिफारस करायची. पहिल्या वर्षी बारापैकी सात जणांनी शाळेतलीच पुस्तकं सांगितली. सातव्या वेळी मी चहाही न घेता उठले आणि घरी येऊन ग्रुपवर नियम टाकला : यापुढे शाळा-कॉलेजात नेमलेली पुस्तकं सोडून बोलायचं. ती धरली जाणार नाहीत.

साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्यात येतात. त्यांनी पुढच्या बैठकीत हात वर केला. म्हणाले, "ताई, नेमलं म्हणून पुस्तक वाईट झालं का?"

"वाईट नाही सर. पण ते वाचन नव्हे. तो अभ्यास."

हॉलमध्ये दोघीतिघींनी मान डोलावली. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढं कितीतरी दिवस मी ते जिथं तिथं वापरलं.

त्याच सुमारास माझी आई माझ्याकडे राहायला आली.

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी देशभर पांगलेली. माझे वडील तमिळनाडूत सेलमला गेले आणि आई त्यांच्या मागोमाग. तिकडं मराठी शाळा नाही, म्हणून मला सहाव्या वर्षी गावात थोरल्या काकूपाशी ठेवलं. आमच्यात निम्म्या घरांत हेच होतं, त्यामुळं कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आई-बाप वर्षा-दोन वर्षांनी जत्रेला यायचे, पंधरा दिवस राहायचे, जायचे. आई तिकडं अडतीस वर्षं राहिली. दोन वर्षांपूर्वी वडील वारले, दुकान बंद झालं, आणि मी तिला सांगलीला आणलं.

आणलं खरं, पण माझ्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. सेलमला दुकानामागच्या खोलीत राहायची, तरी दिवसभर दारात कुणीतरी असायचं. इथं जिन्यातले सगळे दरवाजे बंद. मी ऑफिसला गेले की ती गॅलरीत बसून खाली येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची. जेवताना दोन घास, बोलताना दोन शब्द. मी विचारायची, "आई, बरं नाही का?" ती म्हणायची, "बरं हाय की. मला काय हुतंय?" मला कळायचं की ती आतून सुकत चालली आहे, आणि करायचं काय ते कळायचं नाही.

एकदा मी कट्ट्याला निघाले तेव्हा चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "तुमच्यात म्हाताऱ्या बायकांना घेत्यात का गं?"

"घेतात की. पण पुस्तक वाचावं लागतं, आई."

"वाचलीयात की," ती म्हणाली. मला वाटलं, पोथ्या म्हणत असेल.

तीन महिने ती माझ्याबरोबर आली. दाराजवळची खुर्ची धरायची, पदर नीट घ्यायची आणि एकेकाचं तोंड बघत ऐकायची. येताना जिन्यात मला विचारायची, "ती चश्मेवाली म्हनली त्यो माणूस मग जगला का?" घरी आल्यावरही बोलत राहायची. माझा जीव भांड्यात पडला. चौथ्या महिन्यात चहाच्या वेळी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "फुडल्या बारीला मी सांगू का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिनं पलंगाखालून ट्रंक ओढली. सेलमहून आणलेली. मला वाटत होतं, त्यात वडिलांचे कपडे आहेत. उघडली तर वर एक नेसायचं लुगडं, आणि खाली पुस्तकं. कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातलेली, पिवळी पडलेली. एकावर माझ्या अक्षरात लिहिलेलं : इयत्ता नववी, तुकडी ब, विषय मराठी.

तेव्हा कुठं मला आठवलं. आमच्या शाळेत परीक्षा झाली की पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलीला देऊन टाकायची, अशी पद्धत होती. माझी सगळी जायची, पण मराठीचं जायचं नाही. जत्रा संपवून माणसं आपापल्या दुकानांकडं परत निघाली की त्यांच्याबरोबर घरोघरची बोचकी जायची. चटणी, कुरडया, शेंगा. आमच्या बोचक्यात काकू माझं मराठीचं पुस्तक घालायची, आईचा तसा निरोप असायचा. मला राग यायचा. वर्गातली मैत्रीण फुरंगटून बसायची, तिला नवं घ्यावं लागायचं. आई त्याचं काय करते, हे मी कधी विचारलं नाही. रद्दी म्हणून चुलीजवळ ठेवत असेल, असं धरून चालले.

"ह्यातलं सांगणार हाय मी," आई म्हणाली. नववीचं पुस्तक तिनं बरोबर एका धड्यावर उघडलं. ते पान आपोआपच उघडत होतं.

धडा मला आठवत होता, अंधूक. एक बाई दुष्काळात नवऱ्याबरोबर लांब धरणाच्या कामाला निघते. लहान पोरीला बहिणीपाशी ठेवते. निघायच्या आधी पोरीच्या दोन वेण्या घालते, आठ दिवस सुटू नयेत इतक्या घट्ट. दळायला जाऊन येते, असं सांगते आणि ट्रकमध्ये चढते. पोरगी उंबऱ्यावर बसून पीठ यायची वाट बघते. धडा तिथं संपतो. काही ओळींखाली ठिपक्यांच्या रेघा होत्या आणि समासात माझं अक्षर : महत्त्वाचे. पाच गुण. संदर्भासहित स्पष्टीकरण.

मी म्हणाले, "आई, हे नाही चालणार."

"का गं?"

"शाळेतलं नको, असा नियम आहे आमच्यात."

"कुणी केला?"

"मी."

"शाळेत तू हुतीस. मी कुठं हुती? मी घरातच वाचलंय."

आता मला वाटतं, त्या एका वाक्यावर मी ग्रुपवर नियम मागं घ्यायला हवा होता. तसं काही केलं नाही. मला दिसत होत्या त्या सगळ्या बायका, त्यातली एक कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, आणि मुख्याध्यापकांचं मिशीतलं हसू. नियम करणारीचीच आई नववीचा धडा घेऊन उभी. मी कपाटातून माझं लाडकं पुस्तक काढलं, एका दमात दहा जणांना सुचवलेलं, आणि तिच्या हातात दिलं. "हे वाच. महिना आहे. मग यावर बोल."

बिचारीनं वाचलं. बारीक टाईप, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पान नाकाशी धरून वाचायची. चाळीस पानांवर थांबली. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "हितं सगळी नुस्ती इचार करत बसल्यात. कामाला कवा जात्यात?" मी चिडले. म्हणाले, "आई, हे गंभीर वाचन आहे. जरा नेट लावावा लागतो." तिनं पुस्तक मिटून माझ्या उशाशी ठेवलं.

शनिवारी चार वाजता ती हॉलमध्ये पुढं जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. मला वाटलं, चाळीस पानांचं कसंबसं सांगेल. पण तिनं सुरुवात केली ती त्या बाईपासूनच.

काय सांगितलं तिनं! धड्यातली वाक्यं जशीच्या तशी, मधे मधे तिची स्वतःची. ट्रकमध्ये बसल्यावर त्या बाईला पोरीच्या केसांचं तेल आपल्या हाताला लागलेलं जाणवतं, हे सांगताना तिनं स्वतःचा हात नाकाशी नेला. "मी बी अशाच घट घातल्या हुत्या," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मला आठवलं, माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं आणि काकूनं शेवटी त्या वेण्या सोडल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "आन् लिवणाऱ्यानं तितंच सोडलंय. पोरगी वाट बघतीया. फुडं काय झालं त्ये त्यालाबी ठाव नसंल. लय चांगलं क्येलं त्यानं. म्हनून ह्ये पुस्तक सगळ्यांनी वाचा."

मग कॉलेजातून निवृत्त झालेली ती बाई मायेनंच म्हणाली, "अहो काकू, ते नुसतं पहिलं प्रकरण आहे! धड्यात तेवढंच घेतलं होतं. कादंबरी आहे ती, पुढं अडीचशे पानं आहेत!"

"फुडं हाय?" आई म्हणाली.

हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते, लहान मूल काही बोललं की हसतात तसं. मी पण हसले. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मला माझी बाजू सावरायची होती ना! मी म्हणाले, "हो, आम्हाला बी.ए.ला अख्खी नेमलेली होती ती."

"शेवटी ती परत येते," ती बाई पुढं सांगू लागली, "तर पोरगी तिला ओळखतच नाही. असंच काहीतरी आहे. फार वर्षं झाली वाचून."

आई खुर्चीत येऊन बसली. चहा तिनं घेतला नाही. निघताना मुख्याध्यापक तिच्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "आवं, लई झ्याक सांगितलंसा." एवढा एकच माणूस बोलला. ती मान हलवून बाहेर पडली. जिन्यात तिनं मला काही विचारलं नाही.

चार दिवस ती गॅलरीत बसून होती. मी माफी मागायची म्हणून दोनदा जवळ गेले आणि दोन्ही वेळा फुलझाडांना पाणी घालून परत आले. पुढच्या महिन्याच्या कट्ट्याचं विचारलं तर म्हणाली, "तू जा. मला काय कळतंय त्यातलं?" ते ऐकून मला रडूच आलं. राग पण आला, सगळ्यांचा. धडा अर्धा कापून छापणाऱ्यांचा, त्या बाईचा, आईचा सुद्धा. तीस वर्षं एकच धडा वाचत बसली, एकदा तरी कुणाला विचारायचं होतं! विचारणार कुणाला, सेलममध्ये? मलाच विचारायला हवं होतं. आणि पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या आईशी मी धड बोलायची तरी कुठं?

मी आठ वर्षांची असताना एका जत्रेला ती दोन वर्षांनी आली होती. दारात उभी राहून तिनं हात पसरले, आणि मी काकूच्या मागं जाऊन उभी राहिले. तिनं आणलेली बाहुलीसुद्धा मी काकूच्या हातून घेतली. माणसं हसली. आई पण हसली होती.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. मला सुट्टी होती. ती खाली बघूनच म्हणाली, "ती म्हनली त्ये खरं हाय का गं?"

"काय?"

"पोरगी वळखत न्हाई म्हनून."

मी शेंग सोलत राहिले.

"तू वाचलंयस न्हवं? कालेजात हुतं म्हनलीस."

आता सांगते, लाज वाटते तरी सांगते. ती कादंबरी मी वाचलेली नव्हती; धडा तिच्यातलाच आहे, हेही हॉलमध्ये ऐकलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बी.ए.ला आम्ही गाईड वापरायचो. त्यातले तीन प्रश्न मी पाठ केले होते : शीर्षकाची समर्पकता, दुष्काळाचं चित्रण, भाषाशैली. पात्रांवरचा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. त्या पेपरात मला चांगले मार्क पडले आणि पुढची पंचवीस वर्षं मी ती कादंबरी 'वाचलेल्यांत' धरत आले. कितीतरी जणांना सुचवली सुद्धा. कुणी वाचलीच नाही, म्हणून कधी पकडली गेले नाही.

"ओळखते की, शेवटी ओळखते," असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायची सवय होतीच. पण तिनं मान वर केली, आणि मला ते जमलं नाही.

"मी वाचलेली नाही, आई. गाईड वाचलं होतं."

"समदं न्हाई वाचलंस?"

"त्या धड्यापुढचं एक पान सुद्धा नाही."

मला वाटलं, ती हसेल, किंवा टाकून बोलेल. बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "मग धड्यात त्या ठिपक्या ठिपक्यांनी रेघा मारलेल्या? महत्त्वाचं म्हनून लिवलेलं?"

"शाळेतल्या बाईंनी सांगितलं तिथं मारल्या."

"मला वाटायचं, तुला आवडलंय तितं मारत असशील," आई म्हणाली. "तेवढंच मी पुन्हा पुन्हा वाचायची."

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले.

सांगलीत ती कादंबरी मिळेना. ग्रंथालयातली प्रत कुणी नेली ती परतच आली नव्हती. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामानं साताऱ्याला जायचं होतं. निघताना मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी एका ओळखीच्या माणसाचा पत्ता दिला, पोवई नाक्याजवळचा, घरातली जुनी पुस्तकं विकणारा. तिथं एक प्रत मिळाली, पाठ सुटलेली, पण पानं सगळी होती. फोन ठेवता ठेवता मी म्हणाले होते, "सर, तो नियम मी काढून टाकते आहे." ते म्हणाले, "बरं झालं." गाडीत पुस्तक मांडीवर होतं. शेवटचं पान उघडून बघायचा मोह मला कऱ्हाडपर्यंत होत राहिला. नाही उघडलं. तो तिचा हक्क होता, माझा नव्हे.

रविवारी दुपारी मी ते आईच्या पुढ्यात ठेवलं. तिनं आधी जाडी चाचपली. मग पहिलं पान नाकाशी धरलं, दोन ओळी ओठांत पुटपुटली. तीच वाक्यं होती. टाईप बारीक होता. तिनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

"तू वाच. मोठ्यांदा."

मी चष्मा लावला. घसा साफ केला. न राहवून म्हणाले, "आई, शेवट आधी बघू का? ओळखते की नाही तेवढं?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "न्हाई. तिला येऊ दे आधी. लांबनं यायची हाय ती."

मी पहिलं प्रकरण काढलं.

"त्ये नको," आई म्हणाली. "तेवढं मला पाठ हाय. दुसऱ्यापासनं वाच. तितनं फुडं दोघींनाबी ठाव न्हाई."